करड्या गाडीतली खोट

देर्लिस चौदा वर्षांनी परत आला तो नवे दात बसवून. पांढरे, एकसारखे. हसला की आधी दात दिसायचे, मग माणूस. बुएनोस आयरेसला इतकी वर्षं स्लॅब टाकत होता, त्यामुळे बोलणंही तिकडचंच झालं होतं, शब्द लांबवून, हेल काढून. आमच्या पाराग्वारी गावात असल्याला 'कुरेपी' म्हणतात. ते नाव मुळात सीमेपलीकडच्या अर्जेंटिनावाल्यांना ठेवलेलं, पण इथला माणूस तिकडे जाऊन तसा होऊन आला की आम्ही त्यालाही सोडत नाही. मी तर मुळीच सोडला नाही.

हा देर्लिस म्हणजे येरुतीचा बाप. मी इसाबेलिनो, सगळे लिनो म्हणतात, गाड्यांचा मिस्त्री, आणि येरुतीच्या आईचा, गुमेचा, दुसरा नवरा. येरुती पाच वर्षांची असताना हा गेला, आणि ती सहाची झाली तेव्हा मी त्या घरात आलो. दातांचंच बोलायचं तर तिचे दुधाचे दात पडले तेव्हा ते उशीखाली ठेवायला मी होतो. सायकल मी शिकवली. डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर पाच दिवस मी बसलो. ती मला लिनो म्हणते, नुसतं लिनो. मी कधी तक्रार केली नाही, कारण घरात दुसरा कुणी पापा नव्हताच. आणि आता हा आला, फाटक ढकललं, आंब्याखाली खुर्ची ओढून बसला आणि पंधरा मिनिटांत पापा झाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

जळलो मी. उगाच कशाला आडपडदा ठेवू? तो हसला की पोटात दुखायचं, आणि ती त्याच्या विनोदाला हसली की जास्त दुखायचं. त्यातून ती हसते हुबेहूब त्याच्यासारखी, खालचा ओठ दाताखाली धरून. तेरा वर्षं ते हसू मी माझ्या घरचं समजत होतो.

आता गाडीचं सांगतो. येरुती एकोणीसची. नर्सिंगचा कोर्स करून पलीकडच्या गावच्या दवाखान्यात लागली, घरापासून बावीस किलोमीटर, सगळा हमरस्ता. ऊस आणि सोयाबीन भरलेले ट्रक त्या रस्त्यावर असे पळतात की बाजूने गेला तर मोटरसायकल आपोआप कडेच्या खडीत उतरते. येरुतीची दोनदा उतरली. दुसऱ्यांदा गुडघा सोलून आली तेव्हा गुमेनं जखम धुतली, पट्टी बांधली आणि मला म्हणाली, "बस झालं. पोरीला चार चाकं बघ आता."

बघायला काय, मी करतच होतो. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक जुनी ब्राझीलची गाडी आठ महिने उभी करत होतो तिच्यासाठी. इंजिन बसवून झालं होतं. दारं तीन होती, चौथं मिळत नव्हतं. एअरबॅग वगैरे त्या काळच्या गाडीला कुठली असणार? पण माझ्या हातची होती. वाढदिवसाला किल्ली देईन असं मनात योजलं होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही आंब्याखाली तेरेरे पीत बसलो होतो. एकच शिंगाचं भांडं, एकच नळी, आतल्या कडू पाल्यावर थंड पाणी घालायचं आणि फिरवायचं. येरुती ओतत होती. पहिलं भांडं देर्लिसला दिलं. ठीक आहे, पाहुणा. दुसरा फेराही त्याच्यापासूनच सुरू झाला. माझी पाळी आली तशी मी नळीला तोंड लावलं, भांडं परत केलं आणि म्हणालो, "ग्रासियास."

आमच्याकडे तेरेरेला आभार मानले की झालं, तुमचं पिणं संपलं, पुढच्या फेऱ्यात तुम्ही नाही. दर घोटाला आभार मानणारा परदेशी पाहुणा म्हणूनच तहानलेला घरी जातो. मी काही परदेशी नव्हतो.

"इतक्यात?" गुमे म्हणाली.

"पोट भरलं."

"कशानं?" तिनं विचारलं.

देर्लिसनं काळा चष्मा कपाळावर चढवला. "मी ठरवलंय," तो म्हणाला. "गाडी मी घेऊन देणार. माझी राणी त्या रस्त्यावर मोटरसायकलनं जाते म्हटल्यावर मला झोप लागत नाही."

"चौदा वर्षं बरी लागली," मी म्हणालो.

गुमेनं बाकाखाली माझ्या पायावर पाय दिला. टाच जोरात होती. देर्लिसनं ऐकलं, पण मान खाली घालून भांडं तेवढं पुढे केलं. बोलली ती येरुती. "गाडी तू आण पापा. पण लिनोला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. लिनो हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही."

"अर्थात," देर्लिस म्हणाला. "मिस्त्री घरात असताना मी कोण?"

छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू. पण ते 'पापा' कानात राहिलं ते राहिलंच.

इथे स्वस्त गाडी म्हणजे 'वाया चिले'. जपानमध्ये वापरून झालेली, बोटीनं चिलेच्या बंदरात उतरलेली. तिकडचं स्टिअरिंग उजवीकडे, आमच्या रस्त्यावर लागतं डावीकडे. मग बंदरावरच कापाकापी करून ते इकडून तिकडे नेतात. कुणी नीट करतो, कुणी नुसतं चिकटवतो. अर्धा देश त्याच गाड्यांत फिरतो, आणि मी जेवतोही त्यांच्यावरच, तेव्हा निंदा करत नाही. पण नव्या हाताची पोर ट्रकांच्या रस्त्यावर घालायची, तर गाडी जन्मापासून डावखुरी हवी. स्टिअरिंगचा दांडा अखंड हवा, एअरबॅग कारखान्यानं बसवलेल्या हव्यात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

पुढच्या शनिवारी देर्लिस गाडी दाखवायला घेऊन आला. करडी, चार दारांची, छोटी. जुन्या गाड्या विकायच्या आवाराला आम्ही 'प्लाया' म्हणतो, म्हणजे समुद्रकिनारा. देशाला समुद्र नाही, निदान गाड्यांना तरी किनारा असू दे. तर या माणसानं आठ दिवसांत गावातले सगळे किनारे पालथे घातले होते. खिशातून चुरगळलेला कागद काढला, त्यावर यादी. तिकडच्या साइटवरल्या एका इंजिनिअरला फोन करून काय काय बघायचं ते लिहून घेतलं होतं.

"एकच मालकीण," तो म्हणाला. "शाळेतली बाई, आता रिटायर झालीय. वाया चिले नाही म्हणतात. पण बाबा, मला त्यातलं शष्प कळत नाही. तू बघ."

मी बघितली. आधी खोट काढायचीच म्हणून बघितली, मग नुसतीच बघितली. टायर चारही एका वयाचे. ब्रेक ताजे. खाली गंज नाही. सीटचे पट्टे घट्ट ओढून धरतात, एअरबॅगा दोन्ही जागच्या जागी, सीलसकट. जॅक लावून खाली शिरलो, अर्धा तास पाठीवर पडून होतो. बाईनं ती गाडी पोटच्या पोरासारखी ठेवली होती. मी स्वतः निवडायला गेलो असतो तर हीच आणली असती. हे जे कळलं ना, ते फार झोंबलं. भिकार गाडी आणली असती तर मी त्याला माफ केलं असतं.

वर येरुती सीटवर बसून आरसा जुळवत होती. तिचा आवाज खाली ऐकू आला. "पापा, बघ, पाय कसे बरोबर पोचतात."

"तुझ्यासाठीच बनवलीय, माझे राणी."

मी बाहेर आलो. हात पुसले. बॉनेट उघडंच होतं. इंजिनच्या मागे, केबिनच्या आड येणारा जो पत्रा असतो, त्यावर उजव्या बाजूला एक तळहाताएवढी पट्टी होती, चार बोल्टांनी बसवलेली. ही असतेच. कारखाना दोन्ही बाजूंसाठी एकच पत्रा ठोकतो आणि जिकडे स्टिअरिंग नसेल तिकडचं भोक पट्टीनं झाकतो. पट्टीवर गाडीचाच रंग, बोल्ट न हललेले. गाडी अस्सल असल्याची तीच खूण.

मी त्या पट्टीवर बोट ठेवलं. "देर्लिस, इकडे ये."

तो आला, वाकला.

"हे काय आहे?"

"काय आहे?"

"भोक बुजवलंय. स्टिअरिंग आधी इथे होतं. फिरवलेली गाडी आहे. फसवलं तुला."

असं बोललो मी. थांबलोही नाही. तोंडातून तेल गळावं तसं सहज गळलं. देर्लिसच्या चेहऱ्यावरचे दात मिटले, आणि देवा मला क्षमा कर, मला गार वाटलं.

"पण त्या बाईंनी तर..."

"प्लायावर सगळ्या गाड्या शाळेतल्या बाईंच्याच असतात."

गुमे दारातून बघत होती. ती आमच्यात आली नाही, पण तिचा आवाज आला. "खोट गाडीत आहे लिनो, की तुझ्या पोटात?"

"तुला गाड्यांतलं काय कळतं?" मी म्हणालो.

येरुती खाली उतरली. माझ्या शेजारी येऊन वाकली आणि पट्टीकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, मी दाखवतोय म्हणून बघतेय. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "लिनो नाही म्हणतोय, म्हणजे नाही. परत देऊन ये पापा."

देर्लिसनं ती पट्टी आणखी एकदा नीट निरखली, नकाशा पाठ करावा तशी. कागदावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं आणि गाडी घेऊन गेला.

दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. शेडखालच्या गाडीचं चौथं दार शोधायला म्हणून शेजारच्या गावापर्यंत जाऊन आलो. नाही मिळालं, पण काही वाटलं नाही. मंगळवारी पाऊस झाला. येरुती दुपारी घरी आली ती नखशिखांत भिजून, गणवेशाला चिखल लागलेला. ट्रकनं उडवलेला. केस पुसत गॅरेजात आली.

"लिनो, तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचंय?"

"काही नाही. विचारलं."

बुधवारी पुन्हा आली. बाकावर बसून लहानपणीसारखे पाने हातात देत राहिली. दहाचा, बाराचा, न मागता बरोबर. मग म्हणाली, "ती करडी गाडी फारच वाईट होती का रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "मरायला टेकलेली. बरं झालं वाचलीस." तिनं पाना बाकावर ठेवला आणि घरात गेली.

शनिवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला, एकदा नाही, पाच-सहा वेळा. देर्लिस पांढऱ्या गाडीतून उतरला. लखलखीत. चाकांना चांदीच्या जाळ्या, बॉनेटवर लाल फीत बांधलेली. करडीपेक्षा चार वर्षांनी नवी आणि वर स्वस्तही.

"सही करूनच आलो," तो म्हणाला. "कागद येरुतीच्या नावावर. आणि मिस्त्री, आधीच सांगतो, यावेळी तुला खोट सापडायची नाही. मी स्वतः बघितलीय."

"काय बघितलंस?"

"पट्टी!" त्यानं बॉनेट उचललं. "बघ. आहे कुठे? पत्रा कोरा करकरीत. तू शिकवलंस ना, तेच धरून बसलो. सहा गाड्या दाखवल्या त्यांनी, सहाही चांगल्या दिसत होत्या, सगळ्यांना पट्टी. सगळ्या सोडल्या. म्हटलं, मला बिनपट्टीचीच दाखव. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला."

बघत राहणारच. जन्मभर असं गिऱ्हाईक मिळालं नसेल त्याला. सहा अस्सल गाड्या या माणसानं माझ्या खोट्यावर नाकारल्या होत्या आणि शोधून शोधून तीच घेतली होती जी घ्यायला नको.

मी आत बसलो. किल्ली फिरवली, वायपर चालू केले. ते उलट्या बाजूनं झुकले. उजवीकडची काच कोपऱ्यापर्यंत साफ झाली आणि डावीकडे, चालवणाऱ्याच्या नेमकी तोंडासमोर, हातभर काच तशीच राहिली. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाला नख लावलं तर ते टपकन मांडीवर पडलं. आत काही नव्हतं. एअरबॅगच्या जागी नुसता खड्डा, तळाला कुणीतरी विझवलेलं सिगारेटचं थोटूक. मग टॉर्च घेऊन पेडलपाशी पालथा झालो. स्टिअरिंगचा दांडा मध्ये कापून जोडलेला होता. वेल्डिंग असं, की बैलगाडीचा लोहार लाजला असता. त्या जोडावर ही पोर ऐंशीच्या वेगानं ट्रकसमोर जाणार होती.

बाहेर आलो तेव्हा येरुती आलेली होती. गाडीला हात न लावता उभी होती.

"फिरवलेली आहे," मी म्हणालो. "हिला हात लावायचा नाही. दांड्याला जोड आहे, एअरबॅग नाही."

देर्लिस हसला. मी थट्टा करतोय असं वाटलं त्याला. मग हसणं गेलं. "पुरे कर आता," तो म्हणाला. "मी आणलेली कुठलीच गाडी तुला चालणार नाही, एवढंच आहे ना? पत्रा कोरा आहे. तूच सांगितलंस, पट्टी असली की फिरवलेली, नसली की अस्सल. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

मी पेचकस घेतला आणि कोऱ्या पत्र्यावर ओढला. रंग निघाला, त्याखालची पुट्टी निघाली, ढलप्या ढलप्यांनी. आत गोमेसारखा वेल्डिंगचा वण होता, वाटोळा.

देर्लिसनं तो वण पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "मग करडीची ती पट्टी काय होती?"

इथे मी अडकलो. पळवाट होती, नव्हती असं नाही. दोन्ही वाईटच, फिरवायच्या दोन तऱ्हा असतात, असं म्हटलं असतं तर पचलं असतं. जिभेवर आलंही. पण मग हा पुन्हा जाणार, पुन्हा सगळ्या चांगल्या गाड्या सोडणार, आणि तिसरी अशीच आणणार. कधीतरी मी गॅरेजात नसताना ती फीत सोडून पोर निघून जाणार.

"ती पट्टी कारखानाच लावतो," मी म्हणालो. "अस्सल गाडीलाच असते. करडी चांगली होती. एक नंबर होती. मी खोटं बोललो."

"का?"

"तू आणलीस म्हणून."

दारात गुमे होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि आत गेली. देर्लिसनं चष्मा काढला. मारेल असं वाटलं, मी तयारही होतो, बरं वाटलं असतं. तो मारायला आला नाही.

"मी चौदा वर्षं नव्हतो," तो म्हणाला. "ते मला रोज सांग. चौकात उभा करून सांग, मी ऐकून घेईन. पण गाड्यांतलं मला काही कळत नाही लिनो. मी तुझ्या शब्दावर चाललो. मला खड्ड्यात घालायचं होतं तर मला घालायचंस. गाडीत ती बसणार होती."

मी येरुतीकडे वळलो. म्हटलं, निदान ती चिडेल, रडेल, काहीतरी म्हणेल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"करडी चांगली होती ते. नऊ वर्षांची होते तेव्हा तूच मला मडगार्डवर बसवून ती पट्टी दाखवली होतीस. गाडीचा रंग, न हललेले बोल्ट. मी त्याच दिवशी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"पापासमोर तू खोटा पडला असतास." आवाज चढला नव्हता तिचा, तेच वाईट होतं. "वाटलं, चिडलाय, एकदोन दिवसांत स्वतःच येऊन सांगेल. मंगळवारी विचारलं. बुधवारी विचारलं. पापा दुसरी आणेल ती आधी मी बघेन, असं धरून चालले होते. तो सही करूनच येईल हे नव्हतं वाटलं."

माझ्या मनात हा माणूस माझी पोर नेतोय म्हणून काहिली चालली होती, आणि पोर आठवडाभर माझी लाज सांभाळत भिजत जात होती. हे मी आज सांगतो. तेव्हा मी फक्त पेचकस खिशात घातला.

देर्लिसनं तिथूनच प्लायावर फोन केला. करडी गुरुवारीच गेली होती. नवरा-बायको आले, बॉनेट उघडलं आणि दहा मिनिटांत घेऊन गेले. पांढरी परत घ्यायला ते तयार होईनात. सही झाली, विषय संपला. जवळजवळ तीन आठवडे देर्लिस तिथे खेटे घालत होता, शेवटी बदल्यात दुसरी द्यायला कबूल झाले. ती पांढरी उद्या कुणाच्या गळ्यात मारतील कोण जाणे, म्हणून मी प्लायावाल्याला जोड दाखवून आलो. तो म्हणाला, "हो का?" आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाशी बोलावं तसा हवापाण्याचं बोलत राहिला.

तोवर येरुती मोटरसायकलवरच. एकोणीस दिवस. रोज सकाळी मी फाटक उघडून धरायचो. "येते," ती आईला म्हणायची. मला कधी म्हणाली नाही असं नाही, पण आधी आईला, मग मला. दुपारी दोनला तिचं इंजिन कानावर येईपर्यंत हातातलं काम दोनदा चुकायचं. त्या दिवसांत दोन ट्रक रस्ता सोडून गेल्याचं ऐकलं. ती त्यात नव्हती, एवढंच.

विसाव्या दिवशी आम्ही तिघं प्लायावर गेलो, माझ्या पिकअपमध्ये. देर्लिस मध्ये बसला. गिअर टाकताना दरवेळी माझा हात त्याच्या गुडघ्याला लागायचा आणि दरवेळी तो "माफ कर" म्हणायचा. पोटात तेव्हाही दुखलं. सांगायचंच झालं तर सगळं सांगावं. खिडकीशी ती बसली होती आणि त्याला काहीतरी दवाखान्यातलं सांगत होती, ओठ दाताखाली धरून.

गाडी हिरवी होती, थोडी जुनी, एका दारावर चरा. मी सगळी उलटीपालटी केली. खाली शिरलो, दांडा हातानं चाचपला, एअरबॅगांची सीलं बघितली, वायपर फिरवले, पट्टी बघितली. करडीइतकी चांगली नव्हती, पण चांगली होती. अस्सल डावखुरी. मी उठलो.

"ही घे," मी येरुतीला म्हणालो. "डोळे मिटून घे. आईशप्पथ सांगतो."

"टॉर्च दे," ती म्हणाली.

"मी बघितलंय सगळं."

"हो. बाजूला हो जरा, लिनो."

मी टॉर्च दिला आणि बाजूला झालो. तिनं बाह्या सरसावल्या आणि बॉनेटखाली वाकली. एकेक बोल्ट बोटानं दाबून बघितला. मग पुठ्ठा मागून घेतला आणि गणवेशासकट गाडीखाली सरकली. बाहेर फक्त तिचे पांढरे बूट दिसत होते. देर्लिस आणि मी शेजारी शेजारी उभे होतो, हात मागे बांधून.

"काय बघतेय?" त्यानं हळूच विचारलं.

"दांडा."

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग एवढा वेळ?"

"बघू दे तिला," मी म्हणालो.

ती बाहेर आली. आत बसली, झाकणाला नख लावून बघितलं, वायपर दोन्ही वेगांवर फिरवून बघितले, पट्टा झटका देऊन ओढला. मी ज्या क्रमानं बघतो अगदी त्याच क्रमानं. मग उतरून हात पुसले आणि प्लायावाल्याकडे जाऊन म्हणाली, "चालेल. हीच घेते." ते तिनं त्याला सांगितलं. देर्लिसला नाही आणि मलाही नाही. मी तेच दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं आणि या वेळी ते खरं होतं, पण माझ्याकडून तिनं ते घेतलं नाही.